मार्गदर्शक श्वानांसह रेल्वेने जुन्या मित्रांच्या भेटीला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे पती आणि मी, आम्ही दोघेही दृष्टिहीन आहोत आणि आम्हा दोघांचे स्वतंत्र मार्गदर्शक श्वान आहेत. वर्षातून चार-पाच वेळा आम्ही चौघे सकाळच्या गाडीने जुन्या स्नेह्यांकडे जातो, दिवस त्यांच्यासोबत घालवतो आणि रात्री घरी परततो. या प्रवासाविषयी नव्याने श्वान मिळालेले दृष्टिहीन बांधव, त्यांचे नातेवाईक, सहप्रवासी आणि आम्हाला घरी बोलावणारी मित्रमंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे अनुभवाच्या आधारे येथे दिली आहेत.

श्वानाला स्टेशनचे नाव सांगितले की तो आपल्याला तिथे नेतो का?

नाही. रस्ता माणसाच्या डोक्यात असतो आणि त्या रस्त्यावरून सुखरूप नेण्याचे काम श्वानाचे असते. किती चौक ओलांडायचे, कुठे वळायचे, कोणत्या फलाटावर जायचे हे मी ठरवते आणि त्याप्रमाणे ‘पुढे’, ‘डावीकडे’, ‘जिना शोध’ अशा आज्ञा देते. वाटेतला खांब, खड्डा, आडवी लावलेली सायकल किंवा डोक्याच्या उंचीवर आलेली फांदी चुकवणे आणि पायरीशी थांबणे हे तो करतो. सिग्नलचा लाल आणि हिरवा रंग कुत्र्यांना आपल्यासारखा वेगवेगळा दिसत नाही, त्यामुळे रस्ता केव्हा ओलांडायचा हेही वाहनांच्या आवाजावरून मलाच ठरवावे लागते. मात्र मी ‘पुढे’ म्हटले आणि समोरून वाहन येत असले, तर त्याने माझी आज्ञा मोडायची असते. आज्ञा पाळायला शिकवलेल्या प्राण्याला ती नेमकी कधी मोडायची हेही शिकवावे लागते, आणि फलाटावर आमचा जीव याच शिकवणीच्या भरवशावर असतो.

मार्गदर्शक श्वान रेल्वेने केव्हापासून प्रवास करू लागले?

पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीतील ओल्डेनबर्ग येथे १९१६ मध्ये अशा श्वानांचे पहिले प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. १९२८ मध्ये मॉरिस फ्रँक हा अमेरिकन तरुण स्वित्झर्लंडमध्ये श्वानांना प्रशिक्षण देणाऱ्या डोरोथी हॅरिसन यूस्टिस यांच्याकडे गेला आणि बडी नावाची जर्मन शेफर्ड कुत्री घेऊन परतला. जाताना दुसऱ्यांच्या हवाली केलेल्या पार्सलासारखा प्रवास त्याच्या वाट्याला आला होता. परतल्यावर मात्र त्याने न्यूयॉर्कमधला रहदारीचा रस्ता बडीसह पत्रकारांसमोर ओलांडून दाखवला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ‘द सीइंग आय’ ही मार्गदर्शक श्वानांना प्रशिक्षण देणारी संस्था उभी राहिली आणि १९३१ मध्ये ब्रिटनमधील वॉलसी येथे चार श्वान प्रशिक्षण पूर्ण करून आपापल्या जोडीदारांसोबत कामाला लागले. रेल्वेच्या डब्यात श्वानाला मालकाजवळ बसू द्यावे यासाठी फ्रँक यांनी सतत पाठपुरावा केला आणि १९३५ पर्यंत अमेरिकेतील सर्व रेल्वे कंपन्यांनी तसे नियम केले. त्याआधी कुत्र्याची जागा सामानाच्या डब्यात असे. आज आमचे श्वान आमच्या पायाशी झोपून येतात, त्यामागे ही खटपट आहे, याची मला प्रत्येक प्रवासात आठवण होते.

डब्यात श्वान नेण्यास कोणी हरकत घेऊ शकते का?

बहुतेक देशांत पाळीव प्राणी आणि साहाय्यक श्वान यांच्यात कायदा फरक करतो. ब्रिटनमध्ये २०१० चा समानता कायदा आणि अमेरिकेत १९९० चा अपंग नागरिकांविषयीचा कायदा दृष्टिहीन व्यक्तीला श्वानासह सार्वजनिक सेवा वापरण्याचा हक्क देतात. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातील कलम २० मध्ये स्वतंत्रपणे हिंडण्या-फिरण्यासाठी लागणाऱ्या साधनांबरोबर सजीव साहाय्याचाही उल्लेख आहे. तरीही दारात उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला कायदा पाठ असतोच असे नाही. म्हणून प्रशिक्षण केंद्राचे ओळखपत्र आणि लसीकरणाची नोंद पटकन हाती येईल अशा खिशात ठेवावी, आवाज न चढवता श्वानाचे काम समजावून सांगावे आणि तरीही अडवले गेल्यास वेळ, जागा व कर्मचाऱ्याचे पद नोंदवून लेखी तक्रार करावी. हक्क मागताना अजिजी करण्याची गरज नाही. आपल्यानंतर त्या गाडीने जाणाऱ्या पुढच्या दृष्टिहीन प्रवाशाची वाट आपण दिलेल्या उत्तरामुळे सोपी किंवा अवघड होते.

तिकीट काढताना काय सांगावे?

सोबत एक श्वान आहे की दोन, हे आधीच सांगावे. लॅब्राडोर किंवा गोल्डन रिट्रीव्हर जातीच्या मोठ्या श्वानाला आडवे होण्यासाठी माणसाच्या पायांपुढची सगळी जागा लागते, त्यामुळे दोन श्वानांना एकाच बाकाखाली कोंबणे त्यांच्यावर अन्याय करणारे असते. आम्ही समोरासमोरच्या जागा मागतो आणि त्याही दाराजवळच्या, मात्र जाण्या-येण्याच्या वाटेवरच्या नव्हे. चढण्या-उतरण्यासाठी मदतनीस हवा असेल तर रेल्वेला आगाऊ कळवावे. युरोपीय संघाच्या सध्याच्या नियमांनुसार अशी सूचना प्रवासाच्या २४ तास आधी देणे अपेक्षित आहे. अन्यत्र मुदत वेगळी असू शकते, म्हणून तिकीट काढतानाच ती विचारून घेतलेली बरी.

मदतनीस येणार म्हणून निर्धास्त मात्र राहू नये. एकदा आम्ही उतरलो तेव्हा कबूल केलेली मदत आलीच नाही. गाडी निघून गेली, इतर प्रवासी पांगले आणि अनोळखी फलाटावर आम्ही चौघेच उरलो. त्या दिवसापासून प्रत्येक स्टेशनाची रचना मी आदल्या रात्री कोणाकडून तरी शब्दांत ऐकून ठेवते: गाडीतून उतरल्यावर जिना कोणत्या हाताला येतो, तो किती दूर आहे आणि बाहेर पडण्याचे दार वरच्या मजल्यावर आहे की खालच्या.

निघण्याच्या दिवशी श्वानाचे खाणेपिणे कसे सांभाळावे?

सकाळचा आहार गाडीच्या वेळेआधी निदान दोन तास द्यावा, म्हणजे घराबाहेर पडण्यापूर्वी त्याला पोट मोकळे करता येते. मार्गदर्शक श्वानांना आज्ञेनुसार ठरावीक जागी विधी उरकण्याची सवय लावलेली असते, पण निघण्याच्या घाईचा ताण आपल्या हातातून त्यांना जाणवतो. म्हणून या कामासाठी नेहमीपेक्षा दहा मिनिटे जास्त ठेवावीत आणि त्या वेळात त्याच्याशी बोलू नये. पाणी तोडू नये. प्रवासात थोडे थोडे पाजावे. घडीचे भांडे, पाण्याची बाटली, विष्ठेसाठी पिशव्या, जुना टॉवेल आणि एका वेळचा कोरडा आहार एवढे पाठीवरच्या पिशवीत सहज मावते. पाठीवरच्या पिशवीचा आग्रह मी मुद्दाम धरते, कारण एका हातात हार्नेसची, म्हणजे श्वानाच्या अंगावर चढवलेल्या पट्ट्यांच्या साजाची, मूठ असताना दुसरा हात कठड्यासाठी मोकळा हवा. उन्हाळ्याच्या दिवशी आपल्या हाताची मागची बाजू काही सेकंद जमिनीला टेकवून पाहावी. आपल्याला चटका बसत असेल, तर त्याच्या पंजांनाही बसणार.

फलाटावर कोणती काळजी घ्यावी?

साऱ्या प्रवासात खरा धोका फलाटाच्या कडेला असतो आणि या बाबतीत श्वानावर सगळे सोपवून चालत नाही. त्याला कडेपाशी थांबायला आणि गरज पडल्यास आडवे होऊन वाट अडवायला शिकवलेले असते. परंतु गर्दी, धावत सुटलेले मूल, कोणीतरी खाली टाकलेला घास किंवा समोरून येणारा दुसरा कुत्रा यांनी त्याचे लक्ष क्षणभर विचलित होऊ शकते, आणि फलाटावर तेवढा क्षण पुरेसा असतो. म्हणून फलाटावर आल्यावर आम्ही भिंत किंवा खांब शोधतो, त्याला पाठ लावून उभे राहतो आणि गाडी पूर्ण थांबून दारे उघडल्याचा आवाज येईपर्यंत जागचे हलत नाही. फलाटावरून लांब चालत जाण्याची वेळ आली, तर मी श्वानाला कडेच्या बाजूला आणि स्वतःला आतल्या बाजूला ठेवणे पसंत करते, कारण तसे चालताना तो कडेपासून दूर सरकला की मीही आपोआप आत सरकते.

पायाखालच्या उंचवट्यांच्या फरश्या येथे फार उपयोगी पडतात. जपानमधील सेईची मियाके यांनी १९६५ मध्ये त्या तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा येथे त्या पहिल्यांदा रस्त्यावर बसवल्या गेल्या. गोल उंचवटे म्हणजे सावधान आणि लांबट पट्ट्या म्हणजे या दिशेने चला, एवढे लक्षात ठेवावे. श्वान या फरश्या वाचत नाही; त्या आपल्या तळपायांसाठी आहेत. जाड तळव्यांचे बूट घातले तर हे उंचवटे नीट कळत नाहीत, म्हणून प्रवासासाठी मी पातळ तळव्यांचेच बूट वापरते. मोठ्या स्टेशनवर घडीची पांढरी काठीही जवळ असू द्यावी. श्वान असताना काठी कशाला, असे लोक विचारतात. श्वान अडथळा टाळून नेतो आणि काठी तो अडथळा कोणता आहे ते सांगते, ही दोन कामे वेगळी आहेत.

दोन श्वानांना शेजारी-शेजारी चालवू नये. पुढे एक जोडी आणि मागे दुसरी असा क्रम ठरवावा आणि मागच्या श्वानाला पुढच्याच्या मागे जाण्याची आज्ञा द्यावी. आमच्यात पतींचा श्वान पुढे असतो, कारण तो वयाने मोठा आहे आणि गर्दीत अधिक शांत राहतो. सरकत्या जिन्याच्या दात्यांत पंजा अडकण्याचा धोका असतो, त्यामुळे श्वानाला त्याचे खास प्रशिक्षण मिळालेले नसेल तर लिफ्ट किंवा साधा जिनाच बरा.

गाडीत चढताना नेमके काय करायचे असते?

दाराशी पोहोचल्यावर श्वान थांबतो. हार्नेसच्या मुठीतून ते थांबणे मनगटापर्यंत जाणवते: पुढची ओढ नाहीशी होते आणि त्याच्या खांद्यांचा भार किंचित मागे येतो. त्या वेळी मी मूठ सोडून फक्त गळ्यातील पट्ट्याची दोरी हातात ठेवते, पायाने किंवा काठीने फलाट आणि डबा यांमधील फट मोजते, दाराची दांडी धरते आणि मगच त्याला चढण्याची आज्ञा देते. तो उडी घेतो आणि त्याच ओघात मी पाऊल टाकते. दोरी कोणत्याही परिस्थितीत सोडू नये, कारण आपल्यापैकी एक आत आणि एक बाहेर असताना दारे बंद होणे याहून भयंकर प्रसंग या प्रवासात दुसरा नाही. उतरताना दाराशी घाई करणाऱ्यांना आधी जाऊ द्यावे. पद्धतीत प्रशिक्षण केंद्रानुसार थोडा फरक असतो, म्हणून आपल्या प्रशिक्षकाने शिकवलेली रीत ऐनवेळी बदलू नये.

डब्यात श्वानाने कुठे बसावे?

शक्यतो आपल्या पायांखाली, डोके बाकाखाली आणि शेपूट आपल्या टाचांमागे राहील असे. शेपटीची आठवण सगळ्यांत शेवटी येते आणि तुडवली जाते तीच. बसल्यावर मी हात फिरवून आधी शेपूट आणि मग चारही पंजे शोधते आणि वाटेत आलेले आत घेते. अधल्या-मधल्या स्टेशनवर गर्दी वाढली की ही तपासणी पुन्हा करावी. जमिनीलगत गरम हवेची झडप असेल तर जागा बदलावी. बाकावर मात्र त्याला कधीही बसवू नये.

सहप्रवाशांनी त्याच्याशी कसे वागावे?

हार्नेस अंगावर आहे तोपर्यंत त्याला हाक मारू नये, हात लावू नये, त्याच्या नजरेला नजर भिडवू नये आणि खायला तर अजिबात देऊ नये. डब्यात तो झोपलेला दिसला तरी कामावरच असतो, कारण पुढच्या स्टेशनवर त्याला एका क्षणात उठून सावध व्हावे लागते. लहान मुले विचारतात तेव्हा मी आनंदाने उत्तर देते. एका मुलीने विचारले होते की त्याला कंटाळा येत नाही का. मी तिला सांगितले की घरी हार्नेस खुंटीवरून काढल्याचा आवाज झाला की तो धावत येतो आणि स्वतःहून मान पुढे करतो. मोठ्या माणसांनी माझ्याविषयीचा प्रश्न मलाच विचारावा, श्वानाला किंवा शेजारी बसलेल्या डोळस प्रवाशाला विचारू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

एखाद्याला कुत्र्याची भीती किंवा ॲलर्जी असेल तर?

त्यांनी ते मोकळेपणाने सांगावे. आम्ही जागा बदलतो किंवा श्वानाला दुसऱ्या बाजूला घेतो. दोघांचीही अडचण खरी असते आणि ती बहुतेक वेळा दोन मिनिटांत सुटते.

स्टेशनवर घ्यायला आलेल्या मित्रांनी काय करावे?

सर्वप्रथम नाव सांगून बोलावे. बऱ्याच वर्षांनी भेटणाऱ्या माणसाचा आवाज बदललेला असतो, आणि ‘ओळख पाहू कोण’ हा खेळ गोंगाटाच्या फलाटावर फार अवघडल्यासारखा होतो. श्वान डाव्या बाजूला असेल तर मित्राने उजव्या बाजूला यावे. आम्ही मागितला तर कोपर पुढे करावे, पण आमचा दंड किंवा हार्नेस धरून ओढू नये. हार्नेस धरणे म्हणजे गाडी चालवणाऱ्याच्या हातातून चाक हिसकावून घेणे होय. दिशा सांगताना ‘इकडे’, ‘तिकडे’, ‘त्या तिथे’ हे शब्द टाळून ‘वीस पावलांवर उजवीकडे जिना आहे, तो खाली उतरतो’ असे बोलावे. श्वानाला परस्पर आज्ञा देऊ नये; आम्हाला सांगावे, आम्ही त्याला सांगतो.

भेटीचा आनंद अनावर झाला आणि मित्राने आधी श्वानालाच मिठी मारली, असे आमच्या बाबतीत घडलेले आहे. त्यामागचे प्रेम मला समजते, परंतु त्यानंतरची पंधरा मिनिटे श्वानाचे चित्त त्या मित्रावर होते आणि वाटेतली एक पायरी त्याच्याकडून निसटली. म्हणून आता आमचा नियम स्पष्ट आहे: फलाटावर माणसांची गळाभेट, श्वानाची घरी.

यजमानांनी घरात काय तयारी ठेवावी?

फार काही नको. पाण्याचे भांडे, एखादी जुनी चादर आणि पोट मोकळे करण्यासाठी जवळची मोकळी जागा पुरेशी असते. पोहोचल्यावर पहिल्यांदा आम्ही त्या जागी जातो, मग घरात येऊन हार्नेस उतरवतो. त्यानंतर तो घरातला कुत्रा होतो. अंग झाडतो, जमिनीवर लोळतो आणि प्रत्येकाच्या पायाशी जाऊन हजेरी लावून येतो. आता हवे तेवढे लाड करावेत. खाऊ घालण्याचा मोह मात्र आवरावा. चॉकलेट, द्राक्षे, मनुके, कांदा, लसूण आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ कुत्र्यांना विषारी असतात. शिवाय माणसांच्या ताटातले खाण्याची सवय लागली, तर प्रवासात जमिनीवर पडलेला घास त्याला खुणावू लागतो.

यजमानांकडे कुत्रा असेल तर पहिली भेट घराबाहेर आणि दोघांचीही दोरी हातात धरून घडवावी; मांजर असेल तर तिला दुसऱ्या खोलीत राहू द्यावे. आम्हाला एकदा घर फिरवून दाखवावे आणि नंतर खुर्च्या किंवा सामान हलवल्यास सांगावे. दारे पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद ठेवावीत. अर्धवट उघड्या दाराची कड कपाळावरच बसते, आणि घरात हार्नेस उतरवलेला असल्यामुळे तिथे वाचवायला श्वान नसतो.

मित्रमंडळीच तुमच्या घरी का येत नाहीत? तेच सोपे नाही का?

ते येतात, आणि आम्हाला त्याचा आनंदच वाटतो. पण दर वेळी त्यांनीच यावे आणि आम्ही वाट पाहावी, हा व्यवहार एकतर्फी होतो. मैत्रीत एकमेकांचे उंबरे झिजवावे लागतात. मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात उभे राहून बोलणे, तिच्या घराचा वास, तिच्या अंगणातल्या पाखरांचा आवाज, तिच्या सासूबाईंनी आतल्या खोलीतून दिलेली हाक, यातले काहीही ती आमच्या घरी आली तर मिळत नाही. श्वान मिळण्यापूर्वी कोणीतरी नेऊन सोडले आणि परत आणले तरच असे जाणे होई, आणि मग निघण्याची वेळही त्या माणसाच्या सोयीने ठरे. आता गप्पा रंगल्या तर आम्ही पुढची गाडी घेतो. हे ‘पुढची गाडी घेऊ’ म्हणता येणे माझ्यासाठी फार मोलाचे आहे.

जुन्या मित्रांना आधीचा श्वान आठवतो, तेव्हा काय बोलावे?

मार्गदर्शक श्वान साधारण दोन वर्षांच्या सुमारास काम सुरू करतो आणि आठ ते दहा वर्षांचा झाला की निवृत्त होतो. त्यामुळे दीर्घ मैत्रीत मित्रांना आमचे दोन-तीन श्वान भेटून जातात. मागच्या भेटीत माझ्या मैत्रिणीच्या तोंडून नव्या श्वानासाठी जुन्याचे नाव निघाले आणि ती एकदम गप्प झाली. मला वाईट वाटले नाही. तिच्या घरातला एक कोपरा त्याचा होता आणि तो कोपरा आठवणारे माझ्याखेरीज आणखी कोणी आहे, याचे मला समाधान वाटले. तेव्हा नाव चुकले तर चुकू द्यावे, आठवण निघाली तर मोकळेपणाने बोलावे. फक्त ‘तो याच्यापेक्षा हुशार होता’ अशी तुलना करू नये. नव्या जोडीला एकमेकांचा हात बसायला सहा महिने ते एक वर्ष लागू शकते, आणि त्या काळात अशी वाक्ये मनाला फार लागतात.

परतीच्या प्रवासात काय वेगळे असते?

अंधार आणि थकवा. आमच्यासाठी अंधाराने फरक पडत नाही, पण आम्ही इतरांना दिसलो पाहिजे, म्हणून हार्नेसवर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी आणि लहान दिवा लावावा. निघण्यापूर्वी अर्धा तास घरातला गोंधळ कमी करून श्वानांना शांत पडू द्यावे, मग त्यांना बाहेर फिरवून आणून हार्नेस चढवावा. गाडीत ते बहुधा लगेच गाढ झोपतात. झोपेत पाय हलतात, हलकासा भुंकल्यासारखा आवाज येतो आणि शेजारचे प्रवासी काळजीने विचारतात. काळजीचे कारण नसते, कुत्रे झोपेत असे करतात. आपल्या स्टेशनाच्या एक स्टेशन आधी, म्हणजे उतरण्यापूर्वी निदान पाच मिनिटे, त्याला हळूच हाक मारून उठवावे, उभे राहून अंग ताणू द्यावे आणि मूठ हातात घेण्यापूर्वी हार्नेसचा बंद सैल झाला आहे का ते चाचपून पाहावे.